चला ओरेमला, गुरुवार ते रविवार

निघण्याआधी ओठांना थोडं तूप लावून घ्या. जिथे जायचंय तिथली हवा एवढी कोरडी आहे की घाम कपाळावर दिसायच्या आत उडून जातो आणि दुपारपर्यंत ओठांना चिरा पडतात. लावलंत? मग चला. १९८९चा ऑगस्ट आज संपतोय. गुरुवार आहे, सकाळचे पावणेआठ वाजलेत, आणि अमेरिकेतल्या युटा राज्यात, ओरेम नावाच्या गावी, तुम्ही एक जुनी स्टेशनवॅगन चालवत उत्तरेकडे निघाला आहात. रेक्झीनची सीट एवढ्यातच तापली आहे. मागे मुलांनी सांडलेल्या चीरिओजचा चुरा, पायाशी बास्केटबॉल. उजव्या हाताला अंगावर आल्यासारखा टिंपानोगोस डोंगर. डावीकडे खाली युटा तळं आणि त्याच्या काठी पोलाद कारखान्याची धुरांडी. वारा तिकडून आला तर काचा चढवा, गंधकाचा आणि कोळशाचा वास घशात जाऊन बसतो. वाऱ्यानं दिशा बदलली की मात्र पिकलेल्या पीचचा घमघमाट येतो, कारण दोन वस्त्यांच्या मध्ये अजून बागा शिल्लक आहेत.

तुमचं वय आता तेहेतीस. लग्न झालंय, चार मुलं आहेत. तुम्ही मॉर्मन आहात, म्हणजे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे सभासद. शर्टाच्या आत एक पांढरं वस्त्र आहे, मंदिरात घेतलेल्या वचनांची आठवण म्हणून रोज अंगावर असणारं. या उन्हात ते आणखी एक थर आहे हे खरं, पण सकाळी ते चढवताना तुमचे हात क्षणभर थांबतात. आणि तुम्ही प्रोग्रॅमर आहात, वर्डपरफेक्ट कॉर्पोरेशनमध्ये.

गाडी लावा आणि आत या. बाहेरच्या उजेडातून आल्यावर डोळ्यांसमोर आधी अंधारी येते, मग थंडगार वातानुकूलन, मग आवाज. कळ दाबल्यावर ‘खटक’ करणारे ते वजनदार आयबीएमचे कीबोर्ड आठवतात? इथे एका मजल्यावर तसे शंभरेक एकदम वाजतायत, पत्र्यावर पाऊस पडावा तसे. तुमच्या पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आणि उजव्या कोपऱ्यात एक ओळ: कुठलं पान, कुठली ओळ, कर्सर कुठे. बाकी पडदा रिकामा. हाच तो वर्डप्रोसेसर, ज्याच्या एफ ७ आणि एफ १० या कळा या काळात अमेरिकेतले वकील आणि टायपिस्ट झोपेतही दाबू शकतात.

या कंपनीची जन्मकथा घरगुती आहे. शेजारच्या प्रोव्हो गावातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ॲलन ॲश्टन संगणकशास्त्र शिकवायचे. ब्रूस बॅस्टियन तिथल्या बँडपथकाचे संचालक होते, आणि बँडच्या हालचाली संगणकावर आखता येतील का या खटपटीत दोघं एकत्र आले. पुढे त्यांनी ओरेमच्या नगरपालिकेसाठी तिच्या डेटा जनरल संगणकावर एक वर्डप्रोसेसर लिहून दिला आणि त्याचे हक्क आपल्याकडे ठेवले. बाकी सगळं त्यातून वाढलं.

आता तुमच्या हातात ५.१ ही आवृत्ती आहे. तक्ते, समीकरणं, माउसनं उघडणारे मेनू असं सगळं तिच्यात येणार आहे, आणि ते सारं तुम्ही असेंब्ली भाषेत लिहिताय. म्हणजे यंत्राच्या अगदी कानाशी बोलायचं, एकेक बाइट हातानं उचलून ठेवायचा. डॉसमध्ये, म्हणजे या संगणकांच्या कार्यप्रणालीत, प्रोग्रॅमला जेमतेम ६४० किलोबाइट जागा, त्यातून प्रिंटरचे प्रकार शेकडो. चाचणीच्या खोलीत जाऊन बघा, दारातच उष्ण शाईचा आणि तापलेल्या कागदाचा वास येतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरतायत, डेझी व्हील प्रिंटर बंदुकीसारखे कडकडतायत, लेझर प्रिंटर गुरगुरतायत. तुमच्या तक्त्याची खालची रेघ एका विशिष्ट प्रिंटरवर गायब होते आहे. बाकी सगळ्यांवर येते, त्या एकावर नाही. तीन दिवस तुम्ही तिच्या मागे आहात.

कॉफी मारा एक, असं म्हणणार होतात ना? कॉफी नाही, चहाही नाही. दारू आणि तंबाखूचा तर प्रश्नच नाही. ‘वर्ड ऑफ विज्डम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १८३३च्या नियमानुसार तुमच्या घरात हे चारही पदार्थ येत नाहीत. भाजलेल्या धान्याची पोस्टम नावाची पूड गरम पाण्यात ढवळून प्या. चव कडसर, करपलेल्या पोळीच्या जवळ जाणारी, तरतरी शून्य. कोलाचं काय, यावर वॉर्डात, म्हणजे तुमच्या वस्तीच्या चर्चमंडळीत, दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजू आपापल्या मतावर ठाम. जेवणाचा डबा तसाच पुढ्यात ठेवून तुम्ही हात कीबोर्डवरून मांडीवर घेता, डोळे मिटता आणि मनातल्या मनात चार वाक्यं बोलता. त्या रेघेसाठी. शेजारचा बघतो आणि काही म्हणत नाही, कारण काल त्यानंही हेच केलं होतं. देवाला प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये रस असतो का, असा प्रश्न तुम्हाला पडत नाही. ज्या कामावर चार मुलांचं पोट आहे आणि कुठल्यातरी अनोळखी टायपिस्टची संध्याकाळ अवलंबून आहे, त्यात देवाला रस नसेल हेच तुम्हाला पटणार नाही.

त्या टायपिस्टचा आवाज ऐकायचा असेल तर मदतकेंद्राकडे चला. लांबच लांब दालन, कानाला हेडफोन लावलेली माणसं, निम्मी तर विद्यापीठातली पोरं. फोन फुकट आहे आणि अडचण सुटेपर्यंत बोलायचं अशी इथली रीत. रांग लांबली की ताटकळणाऱ्यांसाठी चक्क रेडिओसारखा एक निवेदक बसवलेला आहे. तो गाणी लावतो आणि अजून किती मिनिटं थांबावं लागेल ते सांगतो. कोपऱ्यात एकजण सफाईदार जर्मन बोलतोय, पलीकडे कुणी पोर्तुगीज. नवल वाटू देऊ नका. इथले बरेच पुरुष एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षांसाठी धर्मप्रसाराला गेलेले असतात, स्वतःच्या किंवा आईबापांच्या खर्चानं. तुम्हीही गेला होतात, डेन्मार्कला. पावसात सायकल मारत, काळ्या नावपट्टीवर आडनाव लावून, दारोदार नकार ऐकत तुम्ही डॅनिश शिकलात. ती दोन वर्षं आज संध्याकाळी कामाला येणार आहेत.

संध्याकाळी घरी जेवून पुन्हा बाहेर पडा. चर्चच्या इमारतीत आज बास्केटबॉलचा सामना आहे. प्रार्थनागृहाला लागूनच मोठा हॉल असतो, दोघांच्या मध्ये घडीचा पडदा; रविवारी गर्दी झाली की पडदा सरकवून खुर्च्या थेट बास्केटच्या रिंगखाली मांडतात. सामना सुरू होण्याआधी सगळे मान खाली घालून प्रार्थना करतात. त्यानंतर जे होतं त्यात कोपरं लागतात, बूट किंचाळतात, घामाचा आणि लाकडाच्या पॉलिशचा वास एकत्र होतो, आणि वॉर्डातला सगळ्यात मृदू माणूस पंचाशी भांडतो.

पण तुमचा खरा छंद याच इमारतीच्या एका लहानशा खोलीत आहे. दिवे मालवलेले, आत एक मायक्रोफिल्म वाचायचं यंत्र. दिव्याची उष्णता चेहऱ्यावर येते, तापलेल्या धुळीचा वास येतो, हँडल फिरवलं की दीडशे वर्षांपूर्वीची पानं सरसर पुढे जातात. जटलंडमधल्या एका खेड्याची जन्म-मृत्यूची नोंदवही, काटेरी गॉथिक अक्षरातली. मूळ फिल्म सॉल्ट लेक सिटीजवळच्या लिटल कॉटनवूड दरीत, ग्रॅनाइटचा डोंगर कोरून केलेल्या कोठारात जपलेली असते. तुम्ही थोडं भाडं भरून तिची प्रत मागवली आहे. तुम्ही शोधताय तुमचा एक पूर्वज, येन्स हान्सेन. त्याचा बाप हान्स, म्हणून तो हान्सेन. येन्सचा मुलगा येन्सेन होणार. दर पिढीला आडनाव बदलतं आणि एकेका गावात चार-चार येन्स हान्सेन. एकाला तपासायचं, खोडायचं, पुढच्याकडे जायचं. दिवसा रेघ शोधणारा माणूस रात्री माणूस शोधतो, चिकाटी तीच.

आपल्याकडे नाशिकला तीर्थोपाध्याय लांबलचक नामावळी उलगडून तुमच्या खापरपणजोबांची सही दाखवतात तेव्हा अंगावर जो काटा येतो, तो इथे या खोलीत येतो. हा दुवा नुसता मनातला नाही. या फिल्म जपणाऱ्या युटाच्याच वंशावळ संस्थेची माणसं हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही मायक्रोफिल्म करायला भारतात आली होती.

सापडलेलं नाव घरी नेऊन संगणकावर घालायचं. त्यासाठी चर्चनंच १९८४ मध्ये एक प्रोग्रॅम काढला, पर्सनल अँसेस्ट्रल फाइल. रात्री साडेअकराला, घर झोपलेलं असताना, तुम्ही जन्मतारीख टाइप करता आणि पडद्यावर वंशवृक्षाच्या एका रिकाम्या चौकटीत येन्स येऊन बसतो. फ्लॉपी ड्राइव्ह घरघरते. हे मॉर्मन लोकांसाठी नुसतं जुन्या नावांचं वेड नाही. पुढे कधीतरी प्रोव्होच्या मंदिरात तुमचा मोठा मुलगा पांढरे कपडे घालून पाण्यात उतरेल आणि येन्सच्या वतीनं बाप्तिस्मा घेईल. तो स्वीकारायचा की नाही हे येन्सनं, तो जिथे असेल तिथे, ठरवायचं अशी श्रद्धा आहे. मेलेल्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचा धर्म ठरत नाही, पण कुणी विसरलंही जात नाही. बाहेरच्या कुणाला यात खटकण्यासारखं दिसेल, काहींना दिसलंही आहे. मला मात्र त्या साडेअकरा वाजता जागणाऱ्या माणसाबद्दल आदरच वाटतो. ज्यांच्याकडून त्याला काहीही मिळायचं नाही अशांसाठी तो डोळे फोडतो आहे.

शुक्रवार पटकन उरकतो. रेघ अजून सापडलेली नाही. संध्याकाळी ‘होम टीचिंग’. दर महिन्याला नेमून दिलेल्या घरांना भेट द्यायची, आणि तुमचा जोडीदार कोण, तर शेजारचा चौदा वर्षांचा मुलगा, टाय वाकडा, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. तुम्ही एका विधवा आजींकडे बसता. खोलीभर गोधडीची चौकट मांडलेली, त्यामुळे गुडघे आखडून बसावं लागतं. मुलगा मासिकातला संदेश अडखळत वाचतो. मग आजी म्हणतात, “ब्रदर, बेसिनखाली पाणी गळतंय, तेवढं बघता का?” तुम्ही पाठीवर आडवे होऊन पाना फिरवता, मुलगा टॉर्च धरतो. भेटीचा खरा भाग हाच. निघताना हातात तीन थोराड झुकिनी. नको म्हणू नका, चालत नाही.

शनिवारी पहाटे बागेतून पीचच्या पेट्या आल्या आहेत आणि तुमचं स्वयंपाकघर आता भट्टी झालंय. उकळत्या पाण्यात पीच बुडवायचे, लगेच गार पाण्यात टाकायचे, साल अलगद निसटते. हात कोपरापर्यंत चिकट, गांधीलमाश्या जाळीवर आपटतायत, खिडक्यांवर वाफ. अर्धी फोड, पाक, काचेची बरणी, झाकण. ओरेम समुद्रसपाटीपासून साधारण साडेचौदाशे मीटर उंचीवर, पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून बरण्या जास्त वेळ उकळाव्या लागतात. तुमची बायको घड्याळाकडे बघत चौघा मुलांना, दोन शेजारणींना आणि तुम्हाला कामाला लावते आहे. थंड होताना एकेक झाकण आत बसतं आणि ‘टिंग’ असा आवाज येतो. धाकटी मुलगी जमिनीवर बसून टिंग मोजते.

बरण्या तळघरात जातात. तिथे गव्हाचे डबे, मीठ, मध, दूध पावडर, हातानं फिरवायची चक्की. वर्षभराचा साठा घरात असावा असं चर्चचं सांगणं. साठा संकटासाठी, पण गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या घरातल्या माणसाची नोकरी गेली तेव्हा त्यातले चार डबे रात्री त्यांच्या ओट्यावर ठेवून आलात, हे तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही.

इथे मला एक बोलायचं आहे. हा सगळा डोलारा बायकांच्या कष्टांवर उभा आहे. पुरुष चर्चच्या पदांवर बसतात, आणि पगार कुणालाच नाही हे खरं. वॉर्डाचा प्रमुख असलेला बिशपसुद्धा दिवसा दात काढणारा डॉक्टर किंवा विमा विकणारा एजंट असतो. पण बैठकांना गेलेल्या नवऱ्याच्या मागे चार मुलांचं रात्रीचं जेवण, गृहपाठ आणि ताप एकट्या बाईनं निभावलेला असतो, आणि पौरोहित्याचा अधिकार तिला नाही. ती तक्रार करत नाही म्हणून ओझं हलकं होत नाही. आणि या गावाच्या चौकटीत जो बसत नाही त्याला इथे श्वास घेणं अवघड आहे. तुमच्या कंपनीचे संस्थापक बॅस्टियन यांनी आपण समलिंगी आहोत हे पुढे उघडपणे सांगितलं आणि ते चर्चपासून दूर झाले. या ऑगस्टात कॉरिडॉरमध्ये शेजारून जाणाऱ्या कुणाच्या मनात काय आहे, ते तुम्हाला दिसत नाही.

रविवार. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे उपास, दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीही नाही. त्या जेवणाचे पैसे लिफाफ्यात घालून गरजूंसाठी द्यायचे. बारा-तेरा वर्षांची पोरं दारोदार येऊन ते गोळा करतात. तीन तासांची सभा. प्रार्थनागृह खच्चून भरलंय, मागे थेट बास्केटच्या रिंगखालपर्यंत. ऑर्गन सुरू होतो. बाळं रडतायत, कुणीतरी प्लास्टिकच्या डबीतले चीरिओज देऊन त्यांना गप्प करतंय, आणि त्या साध्या धान्याचा वास तुमच्या रिकाम्या पोटाला असह्य होतो. सोळा-सतरा वर्षांची मुलं पाव तोडतात, गुडघे टेकून प्रार्थना म्हणतात, शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. पावाचा तुकडा, मग अंगठ्याएवढ्या पेल्यातलं घोटभर पाणी. काल दुपारपासून कोरड्या पडलेल्या घशाला तो घोट जाणवतो.

उपासाच्या रविवारी प्रवचन नसतं, ज्याला वाटेल त्यानं उठून आपली श्रद्धा सांगायची. एक शेतकरी थरथरत्या आवाजात पावसाबद्दल बोलतो. एक चिमुरडी आईनं कानात सांगितलेली वाक्यं म्हणते. परवाच्या त्या आजी उभ्या राहतात आणि मेलेल्या नवऱ्याशी रोज बोलते म्हणतात. कुणी हसत नाही. तुमचे डोळे भरून येतात, भूक आहे, झोप नाही, आणि शेजारी सहा वर्षांचा मुलगा तुमच्या दंडावर लाळ गाळत झोपलाय.

सभा संपली तरी तुमची सुटका नाही. संगणक येतो म्हणून तुम्हाला वॉर्डाचा कारकून नेमलंय. लहान खोलीत दोघांनी बसून दशमांशाचे लिफाफे उघडायचे, दोघांनी मोजायचे, दोघांनी सह्या करायच्या. उत्पन्नाचा दहावा हिस्सा. एका लिफाफ्यात मोठा धनादेश, पुढच्यात एका मुलाची सुटी नाणी, कोंबड्यांची अंडी विकून आलेली. दोन्ही नोंदींना सारखीच ओळ मिळते. पोट गुरगुरतंय, बेरीज एका सेंटनं चुकते, पुन्हा मोजा. आणि तिसऱ्यांदा मोजताना एकदम तुम्हाला ती प्रिंटरवरची रेघ दिसते: तुम्ही शेवटची ओळ मोजायला शून्यापासून सुरुवात केली होती आणि तो एक प्रिंटर एकापासून मोजतो. ओरडायला तोंड उघडता, बिशपच्या सहाय्यकाकडे बघून मिटता. रविवारी कामाला हात लावायचा नाही. कागदाच्या कपट्यावर लिहून खिशात ठेवा. दार उघडताच घरातून भाजलेल्या मांसाचा आणि बटाट्यांचा वास येईल. मधोमध किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली थरथरत असेल. बसा, डोळे मिटा, आणि मग जेवा पोटभर.

तुम्ही परत आलात तरी गोष्ट पुढे गेलीच. ५.१ त्याच वर्षी नोव्हेंबरात बाजारात आली आणि कंपनीची सर्वांत गाजलेली आवृत्ती ठरली. विंडोजचं वारं आलं, १९९४ मध्ये शेजारच्या प्रोव्होतल्या नॉव्हेलनं वर्डपरफेक्ट विकत घेतली, दोन वर्षांत ती कोरेलकडे गेली. पोलादाची धुरांडी उतरली, बागांच्या जागी घरं आली. होम टीचिंग २०१८ मध्ये बंद झालं आणि रविवारची सभा २०१९ पासून दोन तासांची झाली. पण येन्स हान्सेन जिथे टाइप केला होता तिथून नव्या यंत्रांवर जात राहिला. चर्चचं फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ कुठल्याही धर्माच्या माणसाला फुकट बघता येतं.

तुमच्या घरात अजून एखादी आजी असेल तर आजच तिच्याजवळ बसा. तिच्या आईचं माहेरचं नाव विचारा, गाव विचारा, आणि लिहून ठेवा.